सदतीस उत्तरं, साडेबारा हजार किलोमीटर

आप्पा, कपाटावरचा पृथ्वीचा गोळा खाली उतरवायला सातवीतल्या वैशालीला मीच होकार दिला होता. तोंडाने नाही, मान हलवून. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. मुख्याध्यापकांना नाही, बायकोला नाही, आणि तुम्हाला तर नाहीच. त्यानंतर कित्येक वर्षं भेस्तानहून तुमच्याच स्कूटरवर मागे बसून शाळेत आलो-गेलो, तुमच्या मुलाच्या लग्नात पंगतीला वाढलं, तुम्ही रिटायर झाल्यावरही दर रविवारी तुमच्या ओट्यावर येऊन चहा प्यायलो, पण एवढी एक गोष्ट काही बाहेर पडली नाही. तुम्ही गेलात त्याला आज एकोणीस दिवस झाले. ऐकायला तुम्ही नाही म्हणून आता हा बोलतोय, असं कोणी म्हणेल. म्हणू दे. खरंच आहे ते.

तुमच्या जुन्या विद्यार्थ्यांनी तुमच्या आठवणींची छोटी पुस्तिका काढायचं ठरवलंय. मला म्हणाले, "सर, तुम्ही तर आप्पासरांचे बरोबरचे, तुम्ही लिहाच." म्हणून हे लिहितोय. त्यातल्या बऱ्याच जणांना पूर्ण गोष्ट माहीत नाही, म्हणून तुम्हाला ठाऊक असलेलंही पहिल्यापासून सांगावं लागेल. तुम्ही चिडणार नाही. एकच गोष्ट चार वेळा सांगायचा कंटाळा तुम्हाला कधी नव्हताच.

गुजराती मुलखात, पर्वत पाटियाजवळची आपली मराठी शाळा. मुलांचे बाप लूमवर नाहीतर डाइंग मिलमध्ये, आया घरी बसून साड्यांना लेस आणि टिकल्या लावायच्या. मुलं घरी अहिराणी बोलायची, गल्लीत गुजराती, भांडताना हिंदी, आणि वर्गात आपल्या समाधानासाठी मराठी. सातवीचे वर्गशिक्षक तुम्हीच; तुम्ही भूगोल शिकवायचात, मी गणित. शाळेने दिलेला गोळा कधीच फुटला होता, म्हणून तुम्ही कतारगामच्या एका भंगारवाल्याकडून एक जुना गोळा उचलून आणला. त्याला स्टँड नव्हता. वहिनींनी साडीच्या चिंध्यांची चुंबळ करून दिली, डोक्यावर हंडा ठेवायला करतात तशी, आणि पृथ्वी त्या चुंबळीवर बसली. मी म्हटलं, "आप्पा, पृथ्वी तिरकी पाहिजे, अक्ष पाहिजे." तुम्ही म्हणालात, "स्टँड नाही तेच बरं झालं भो. आता पोरं तिला कशीही फिरवतील. उत्तर ध्रुव वरच पाहिजे असं कोणी सांगितलं?"

मग तुम्ही मुलांना जरीचा धागा आणायला सांगितला. पॉलिस्टरचा नको, तो ताणला की लांबतो, म्हणालात. ज्याच्या घरी जरीचं काम चालायचं ते मूल वर्गाला पुरेल एवढा धागा घेऊन आलं. प्रत्येकाच्या कंपासपेटीत अडीच हात सोनेरी धागा. तो आधी विषुववृत्तावरून फिरवायचा: चौऱ्याण्णव सेंटीमीटर. हे झाले चाळीस हजार किलोमीटर. मग दोन विमानतळांवर बोटं ठेवून धागा ताणून धरायचा, मोजायचा, आणि त्रैराशिक मांडायचं. मुलं मधल्या सुट्टीतसुद्धा गावं शोधत बसायची. मुंबईहून न्यूयॉर्कला धागा ताणला तेव्हा तो अरबस्तानाकडे वळलाच नाही, सरळ वर गेला, रशिया, नॉर्वे, आइसलँडच्या बाजूने, आणि तिकडून खाली उतरला. वैशाली ओरडली होती, "सर, आ तो बरफ उपरथी जाय छे!" तेव्हा मी व्हरांड्यातून चाललो होतो. मला हसू आलं होतं. चांगलं हसू नव्हतं ते.

कारण आपला वाद चालू होता. नकाशावर फूटपट्टी ठेवायची, प्रमाणाने गुणायचं, अंतर निघतं, हे मी पंधरा वर्षं शिकवत होतो. तुम्ही म्हणत होतात की पृथ्वी सपाट पसरवली की तिच्या वरच्या भागाला ताण बसतो, तिथली फूटपट्टी खोटं बोलते. एकदा स्कूटरवर, भर रहदारीत मान मागे वळवून तुम्ही विचारलंत, "दिलीप, विमानले तुनी फूटपट्टी मालूम शे का?"

मी म्हटलं, "समोर बघा आप्पा. आणि प्रश्नात नकाशा दिला असेल तर उत्तर नकाशावरूनच काढायचं. परीक्षा म्हणजे परीक्षा."

"आणि आत बसलेला माणूस? तुझ्या हिशोबाने चार तास जास्त. तेवढा वेळ त्याने कुठे बसायचं, तुझ्या परीक्षेत?"

मागून हॉर्न वाजत होते आणि तुम्ही एकटेच हसत होतात. त्या सहामाहीला सातवीचा गणिताचा पेपर मी काढला आणि पाचवा प्रश्न मुद्दाम घातला. हेही आजच लिहितोय. सोबतच्या नकाशावरून मुंबई आणि न्यूयॉर्क या विमानतळांमधलं अंतर काढा. विमानाचा वेग ताशी नऊशे किलोमीटर असेल तर किती वेळ लागेल? गुण पाच. उत्तरसूचीत मी लिहून ठेवलं: साडेसोळा हजार किलोमीटर, अठरा तास वीस मिनिटं. मुलांनी हे उत्तर लिहिलं की तुमच्यापुढे नेऊन ठेवायचं, एवढाच बेत. एका वादासाठी.

परीक्षेला वर्गावर पर्यवेक्षक मीच होतो. अर्धा वेळ गेल्यावर दुसऱ्या बाकावरची वैशाली उभी राहिली.

"सर, गोळा घेऊ का?"

"कशाला?"

"पाचव्या प्रश्नाला."

"नकाशा छापलाय ना? फूटपट्टी घे."

"सर, फूटपट्टीने खोटं येतं."

अख्खा वर्ग माझ्याकडे बघत होता. बारा वर्षांची मुलगी होती, आवाजात उद्धटपणा अजिबात नव्हता. दुकानात माप कमी भरलं तर घरची बाई सांगते तसं सांगत होती. आणि मी मान हलवली. का हलवली ते मला आजही नीट सांगता येत नाही. त्या क्षणी बहुतेक मी नुसता शिक्षक होतो.

ती बाकावर चढली, गोळा उतरवला, चुंबळीसकट आपल्या बाकावर ठेवला, धागा ताणला, मोजलं, लिहिलं, आणि गोळा मागच्या बाकाकडे दिला. तिथून तो पुढे गेला. आप्पा, तुम्ही ते बघितलं नाही, म्हणून सांगतो. सदतीस मुलांमधून तो गोळा फिरला आणि एकाच्याही तोंडून शब्द निघाला नाही. आपली पाळी येईपर्यंत मुलं दुसरी गणितं सोडवत होती. धागा ज्याचा त्याचा. मोजताना शेजारचा मान दुसरीकडे वळवत होता, कोणी न सांगता. शेवटच्या बाकावरच्या ईश्वरने तर दोनदा मोजलं, कारण पहिल्यांदा धागा सैल राहिला होता. पंचवीस वर्षांहून जास्त नोकरी झाली माझी. त्यापेक्षा प्रामाणिक परीक्षा मी बघितलेली नाही. त्यांना ती शिस्त मी लावलेली नव्हती, शाळेनेही नाही. ती तुमच्याकडून आली होती. त्या वेळी खुर्चीत बसल्या बसल्या माझी छाती भरून आली होती, हे खरं. आणि थोड्या वेळाने त्याच छातीत भीती बसली, हेही खरं.

पेपर घेऊन मी संध्याकाळी घरी आलो. सदतीसच्या सदतीस पेपरांत साडेसोळा हजार कुठेच नव्हतं. एकाने बारा हजार तीनशे लिहिलं होतं, एकीने बारा हजार साडेपाचशे, कोणी पावणेतेरा. वेळ सगळ्यांचा चौदा तासांच्या आसपास. सगळ्यांचे आकडे जवळजवळ, पण एकसारखे नाहीत. कॉपी केली असती तर एकच आकडा आला असता. ज्याने त्याने आपल्या हाताने मोजलं की उत्तरं अशीच येतात, हे गणिताच्या शिक्षकाला कळायला किती वेळ लागतो? तरी मी खात्री केली. माझ्या मोठ्या मुलीच्या दप्तरात पेन्सिलीला टोक काढायचं यंत्र होतं, संत्र्याएवढ्या पृथ्वीच्या आकाराचं. बायकोच्या शिवणाच्या डब्यातला दोरा घेतला. विषुववृत्त एकोणीस सेंटीमीटर, मुंबई ते न्यूयॉर्क सहा. त्रैराशिक मांडलं. बारा हजार सहाशे. त्या यंत्रातून पेन्सिलीचा भुसा माझ्या सगळ्या कागदांवर सांडला होता, तो झटकायचंही मला सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांनी विचारलं, "परीक्षेत गोळा बाकांवरून फिरत होता म्हणे? कोणाच्या परवानगीने?" त्याच महिन्यात आसपासच्या शाळांच्या केंद्राचा समन्वयक म्हणून माझी बढतीची फाईल वर गेलेली. खरं सांगायचं म्हटलं, तर दोन चुका कबूल कराव्या लागणार होत्या: परवानगी मी दिली, आणि उत्तर माझं चुकलं. मी लेखी अहवाल दिला. दोनच ओळी. "विद्यार्थ्यांनी परवानगीशिवाय साहित्य हाताळून सामूहिकरीत्या उत्तर मिळवले. वर्गशिक्षकाने याची आधीच तयारी करून घेतलेली दिसते." खाली सही. सगळ्यांचे पाच गुण कापले गेले.

तुमच्याकडे खुलासा मागितला. तुम्ही एक पान लिहिलंत. मी ते नंतर फाईलीत वाचलं. त्यात गोळा कसा मोजतात ते होतं, धाग्याची लांबी होती, आणि शेवटी एवढंच: "मुलांनी शिकवलेले वापरले. यात त्यांचा दोष नाही." माझं नाव एकदाही नाही. त्यानंतरच्या सत्रापासून सातवी तुमच्याकडून गेली. तुम्हाला पहिलीचा वर्ग दिला. स्टाफरूममध्ये कोणीतरी माझ्यावर घसरलं, तेव्हा तुम्ही चहाचा कप खाली ठेवत म्हणालात, "त्याला माहीत नव्हतं हो. गणितवाला माणूस, फूटपट्टीनेच बघणार." सगळे हसले. मीही हसलो.

तुम्ही पहिलीत सहा वर्षं काढलीत. समन्वयक म्हणून मी तुमचा वर्ग तपासायला यायचो, हातात रजिस्टर घेऊन. ते आठवलं की आजही मान वर होत नाही. पण जे बघितलं ते सांगायलाच हवं. एकदा आलो तर वर्ग रिकामा. सगळी पोरं मैदानात, फाटकापासून पाण्याच्या टाकीपर्यंत पावलं मोजत चाललेली. एक चिमुरडी माझ्याकडे आली आणि म्हणाली, "साहेब, तुमची किती भरतात?" मी म्हटलं, "माहीत नाही." तिने तुमच्याकडे वळून तक्रार केली, "सर, ह्या साहेबांनी मोजलंच नाही!" तुम्ही म्हणालात, "ते मोठे साहेब शेत बेटा, त्यास्ले गाडी शे." आणि मला हळूच, "चल, मोज. पोरं बघताहेत." मी मोजली. शंभरावर चार. त्या मुलीने पाटीवर माझं नाव लिहून पुढे आकडा टाकला. रजिस्टरमध्ये मी त्या दिवशी तुमच्या वर्गाला सगळ्यात वरचा शेरा दिला. शिक्षा म्हणून मिळालेला वर्ग तुम्ही असा चालवलात की पुढच्या वर्षी आईबाप आप्पासरांचीच पहिली मागायला आले. अशा माणसाच्या शेजारची खुर्ची माझी होती, याचा मला अभिमान आहे. त्या खुर्चीत बसून मी जे केलं ते वेगळं लिहिलंच आहे.

मागच्या वर्षी मी मुलीकडे न्यूयॉर्कला गेलो. तिकीट आल्यावर तुम्ही माझ्यापेक्षा जास्त खूश. निघताना म्हणालात, "खिडकीची जागा घे. जाताना किती तास लागले ते लिहून ठेव, येताना किती तेही. जाताना वारा तोंडावर येईल, येताना पाठीवर. अंतर तेच, पण वेळ वेगळा लागेल." विमान अगदी धाग्यावरून गेलं नाही. काही देशांची आकाशं टाळत गेलं. पण गेलं तुमच्याच बाजूने. समोरच्या पडद्यावर ती रेघ वर वर सरकत होती आणि मी जेवणाचा ट्रे मांडीवर घेऊन नुसता बघत होतो. पुढे खिडकीतून खाली ग्रीनलंड दिसलं, पांढरंच पांढरं. शेजारच्या बाईंनी विचारलं, "पहेली बार?" मी हो म्हटलं. माझे डोळे पाहून त्यांनी रुमाल पुढे केला. त्यांना वाटलं असेल, घराची आठवण आली. जाताना सोळा तासांच्या वर लागले. येताना त्याहून दीड-पावणेदोन तास कमी.

आल्यावर रविवारी तुमच्या ओट्यावर आलो. चॉकलेटचा डबा वहिनींना दिला. तुम्ही चष्मा पुसून सरळ बसलात, परीक्षेचा निकाल ऐकायला बसावं तसे.

"बोल. जाताना किती?"

मी म्हटलं, "लक्षच नव्हतं आप्पा. झोपलो होतो."

"येताना?"

"येतानाही."

तुम्ही चष्मा काढून मांडीवर ठेवलात. मग म्हणालात, "बरं. झोप लागली ना, ते चांगलं." आणि आत हाक मारली, "दिलीपसाठी आणखी थोडा चहा टाक." आकडे माझ्या खिशातल्या चिठ्ठीवर लिहिलेले होते.

मला वाटायचं तुम्हाला काही माहीत नाही. तुमचा भोळेपणा मी गृहीत धरला होता. परवा शोकसभेत वैशाली भेटली. ऑफिसमधून थेट आलेली, हातात हेल्मेट. पार्सल ऑफिसमध्ये आहे ती, कापड मार्केटच्या साड्या विमानाने परदेशी जातात त्यांचं बुकिंग करते. म्हणाली, "शेठ लोक विचारतात, केटला कलाक लागशे? मी जायचे तास वेगळे सांगते, यायचे वेगळे. त्यांना वाटतं मी फसवतेय." हसली. मग हसू थांबवून म्हणाली, "सर, एक विचारू? तुम्ही मान हलवली होती ना?"

मी चपला शोधायला खाली वाकलो.

"गुण कापले गेले त्याच्या दुसऱ्याच दिवशी मी आप्पासरांना सांगितलं होतं. रडत रडत. म्हटलं, दिलीपसरांनी हो म्हटलं होतं, मग ही कॉपी कशी? तर म्हणाले, 'बेटा, तुनं उत्तर बरोबर शे. कोणी गुण कापा तरी बरोबरच शे. पण हाई कोणले सांगू नको. दिलीपसरले दोन लहान पोरी शेत.'"

म्हणजे तुम्हाला पहिल्यापासून माहीत होतं. स्टाफरूममध्ये तो कप खाली ठेवताना माहीत होतं, मैदानात मला पावलं मोजायला लावताना माहीत होतं. ओट्यावर "जाताना किती?" विचारताना तुम्हाला तासांशी काही घेणं नव्हतं, आता माझ्या लक्षात येतंय. मी एकदा तरी खरा आकडा सांगावा, एवढीच वाट बघत होतात. आणि मी नाही सांगितला, तर तुम्ही मला चहा दिलात. आप्पा, मला राग येतो तुमचा. एकदा कानफटात मारली असतीत तर मी बोललो असतो. पण तो तुमचा स्वभाव नव्हता. एका पोरीचे अश्रू आणि माझ्या घरचं सुख, दोन्ही तुम्ही एकट्याने सांभाळलंत, आणि त्याचा उच्चार कधी केला नाहीत. इतका मोठा माणूस मी दुसरा बघितलेला नाही. हे तुम्ही असताना तुमच्या तोंडावर म्हणायला हवं होतं.

आपला वाद मात्र अजून पुरता मिटला नाही. प्रश्नात नकाशा दिला असेल तर नकाशावरूनच उत्तर काढावं, असं मला थोडंसं अजूनही वाटतं. हे वाचून तुम्ही कसे हसला असतात ते मला दिसतंय. पण मुलांचं उत्तर खरं होतं आणि माझं खोटं, याबद्दल आता काही वाद नाही.

जाता जाता वैशाली म्हणाली, "मला त्या पाच मार्कांचं काही नाही, सर. पण ईश्वर अजून भेस्तानला लूमवरच आहे. तो त्याच्या मुलाला सांगतो, आमचा अख्खा वर्ग कॉपीत सापडला होता. हसत सांगतो. मला नाही हसू येत."

माझ्याकडे हे राहिलंय, आप्पा. शाळेच्या फाईलीत माझा अहवाल अजून तसाच आहे. तो खोटा होता, परवानगी मी दिली होती आणि मुलांचं उत्तर बरोबर होतं, असं माझ्या सहीचं पत्र त्या फाईलीत लागायचंय. आणि या पुस्तिकेची वाट न बघता ईश्वरकडे जाऊन, त्याच्या मुलासमोर, त्याने कॉपी केली नव्हती हे सांगायचंय. यातलं मी अजून काहीच केलेलं नाही.